नदीत न जाणारी ट्यूब

गल्लीच्या तोंडाशी आधी ट्यूबा दिसल्या, माणूस मागून दिसला.

रायपुरातल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातली ती गल्ली अशी अरुंद, की समोरून गाय आली तर माणसानं कुणाच्या तरी ओट्यावर चढून उभं राहायचं. आणि त्या दिवशी समोरून येत होती एक लूना. तिच्यावर ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा, एकीवर एक, दोरीनं आवळलेल्या, काळ्याभोर, डोलणाऱ्या. दसरा होऊन गेला होता, तरी सकाळी एक सर येऊन गेली होती. देवळाच्या कळसावरून पाणी अजून टपटपत होतं आणि मंजिरीला ऑफिसला उशीर होत होता.

"भैया, पीछे लो ना जरा!" तिनं स्कूटीचा हॉर्न दाबला.

"पीछे नहीं होगा दीदी. पीछे गाय है."

"काय माणूस आहे..." मंजिरी स्वतःशीच पुटपुटली, "सारी गल्ली बापाची समजते."

ट्यूबांच्या मागून हसू आलं. "बाप रेल्वेत होता जी. गल्ली नाही घेतली त्यानं."

मंजिरीनं जीभ चावली. ट्यूबांच्या भोकातून एक चेहरा तिच्याकडे पाहत होता. सावळा, कपाळावर भिजलेले केस, आणि डोळ्यांत असा भाव की जणू गल्लीत अडकणं ही मजेचीच गोष्ट आहे.

"मराठी आहात तर आधी सांगायचं ना," ती म्हणाली.

"तुमी कुठं इचारलं?"

शेवटी त्यानंच उतरून तिची स्कूटी उचलल्यासारखी करून भिंतीलगत सरकवली. जाताना ट्यूबांवरची पांढरी पावडर तिच्या निळ्या ओढणीला लागली. तिनं झटकली, ती आणखीच पसरली.

"संगजिऱ्याची भुकटी आहे," तो ओशाळून म्हणाला. "रबराले रबर चिपकू नये म्हणून लावतो. धुतली की जाते."

"एवढे ट्रक आहेत तुमच्याकडे?"

"ट्रकासाठी नाही, माणसांसाठी आहेत. महानदीवर लोक यात बसतात अन् वाहत जातात. रातभर हवा भरून ठेवल्या होत्या बूढ़ापाऱ्यात, दोस्ताच्या दुकानात. सकाळी ज्या मऊ पडल्या त्या तिथंच सोडल्या. टाईट राहिल्या त्या नदीवर."

"भैय्यालालजींच्या नदीवर?"

तो थांबला. "तुमाले काय माहीत?"

"वाहून जायला माणसं मीच पाठवते," मंजिरी म्हणाली आणि स्कूटी सुरू करून निघूनही गेली. गल्लीच्या वळणावर मात्र तिनं आरशात पाहिलं. तो अजून तिथंच उभा होता, आणि आता गाय त्याच्या ट्यूबा हुंगत होती.

*

राज्य नवं होतं, राजधानी नवी होती. रायपुरात रोज कुठंतरी नवा बोर्ड लागत होता, नवे अधिकारी येत होते, आणि त्या नव्या माणसांना रविवारी कुठंतरी जायचं असे. भैय्यालालनं ते बरोबर ओळखलं. आरंगच्या पुढं, महानदीच्या एका वळणावर त्यानं बांबूची शेड घातली, तेलीबांध्याला एका खोलीचं ऑफिस उघडलं, आणि त्या ऑफिसात टेलिफोनशी मंजिरीला बसवलं. तिचे वडील रामकृष्णराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मुलीनं लग्न होईपर्यंत नोकरी करायला त्यांची हरकत नव्हती, मात्र ती नोकरी टेबलाची हवी, नदीची नको.

गल्लीतल्या त्या ट्यूबावाल्याचं नाव गौतम. आई अंजनाबाई आणि तो रेल्वे कॉलनीत राहत. वडील नोकरीत असतानाच वारले होते. नदीवरच्या सगळ्या ट्यूबांची देखभाल त्याच्याकडे होती. शनिवारी दुपारी तो आरंगच्या पीसीओवरून ऑफिसला फोन करायचा, उद्या किती लोक येणार ते विचारायला. त्यासाठी एक मिनिट पुरे झालं असतं.

"जेवलीस का?" हे दुसऱ्या मिनिटात आलं.

"ट्यूबा मोजा. माझं जेवण मोजू नका."

"ट्यूबा मोजून झाल्या. आता काय मोजू... सांग."

मंजिरी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळायची आणि सोडायची. समोर तेलीबांध्याच्या तलावावर बगळे बसलेले असायचे. "अहो-जाहो कधी सोडलं तुम्ही?" एकदा तिनं विचारलं.

"तूच सोडलं नाहीस अजून," तो म्हणाला. "म्या तर मनातल्या मनात गल्लीतच सोडलं होतं."

दिवाळीनंतर ती पहिल्यांदा नदीवर गेली. घरी सांगितलं, रविवारी सकाळी कॉम्प्युटर क्लासचा जादा तास आहे. पहाटेच्या धुक्यात स्कूटी चालवताना बोटं गोठून गेली होती. शेडजवळ पोचली तेव्हा गौतम एकटाच होता. कापलेल्या लोखंडी पिंपात पाणी भरलं होतं आणि तो एकेक ट्यूब त्यात दाबून, हळूहळू फिरवून पाहत होता.

"काय पाहून राहिलास?"

"बुडबुडे. इकडे ये. बोलू नको... पाह्य."

ती वाकली. काळ्या रबराच्या कडेनं मोत्यांची बारीक माळ वर येत होती. सुंदर होती ती. गौतमनं तिथं खडूनं गोल केला.

"इतकुसं भोक," तो म्हणाला, "पण माणूस दोन तास पाण्यात बसते. दोन तासांत हे भोक त्याले बसू देईन का?"

मग दर रविवारी तेच झालं. धुकं, पिंप, रॉकेलच्या स्टोव्हवरचा चहा. त्यानं तिला शिकवलं, की ट्यूब ठासून भरायची नाही, दुपारच्या उन्हात आतली हवा फुगते. व्हॉल्व्हच्या दांडीला चिंधी बांधायची, नाहीतर बसणाऱ्याच्या पायाला ओरखडे येतात. नदीतून आली की गोड्या पाण्यानं वाळू धुवायची, सावलीत वाळवायची, भुकटी लावून बांबूवर टाकायची. खिळ्याला कधी टांगायची नाही, टांगली की एका जागी ताण येऊन रबर पातळ होतं. बोलताना त्याचे हात सारखे हलत, आणि मंजिरीचं लक्ष पुष्कळदा बोलण्यापेक्षा हातांकडेच असे. त्यांना पॅच चिकटवायच्या सोल्यूशनचा वास यायचा. ऑफिसात परतल्यावर आपल्या बोटांनाही तोच वास येतो, हे लक्षात आल्यावर ती दिवसभर हात धुवायचं टाळायची.

प्रेम हा शब्द मात्र दोघांपैकी कुणी उच्चारला नाही. तिच्या घरी गोंदियाच्या स्थळाची बोलणी चालू होती. आणि तिच्या आईनं, विनोदिनीबाईंनी, रेल्वे कॉलनीतल्या बौद्ध घरातला मुलगा जावई म्हणून कधी मनातही आणला नसता. दोघांना हे माहीत होतं, आणि माहीत असलेल्या गोष्टीबद्दल काय बोलायचं...

*

नाताळच्या सुट्टीतला रविवार होता तो. आधल्या दिवशी फोन सारखा वाजत होता. त्यातला एक आवाज मंजिरीच्या ध्यानात राहिला, कारण तो जरा लाजत बोलत होता.

"दीदी, मेरे को तैरना नहीं आता. चलेगा?"

"चलेगा. लाइफ जॅकेट मिलेगा," मंजिरीनं ऑफिसात ठरलेलं उत्तर दिलं. त्यानं नाव सांगितलं, अभिनव.

रविवारी पहाटे ती नदीवर पोचली तेव्हा गौतमच्या मांडीवर एक जुनी ट्यूब होती. व्हॉल्व्हच्या बुडाशी त्यानं रबर चिमटीत धरून वाकवलं. बारीक चिरा उमटल्या, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारख्या.

"हे रबर मेलं," तो म्हणाला. "याच्यावर किती बी पॅच मार, बाजूनं फाटन. ही नदीत नाही जात."

"मग मला दे."

"तू काय करशीन?"

"पॅच मारायला शिकते. नदीत जाणार नाही ना? मग बिघडलं तर कुणाचं काय जातं!"

तो हसला. तिनं जुन्या रबराचा तुकडा कापला. गोल कापायला गेली आणि झाली कोयरी. व्हॉल्व्हपासून हातभर अंतरावर कानशीनं ट्यूब घासली, सोल्यूशन लावलं, फुंकर घातली. तो मागून वाकून पाहत होता, त्याचा श्वास तिच्या कानापाशी होता.

"वाळू दे जरा. घाई नको करू."

"मी कुठं घाई करते आहे..." ती म्हणाली, आणि मग दोघांनाही कळलं की बोलणं पॅचबद्दल राहिलं नव्हतं.  मग तिनं कोयरी दाबून बसवली आणि तो ठोकण्यासाठी लाकडी हातोडी शोधायला लागला.

"झकास," तो म्हणाला. "साडीवर चालली असती." मग त्यानं लाल रंगाचा डबा उघडून त्या ट्यूबवर मोठी फुली मारली आणि ती शेडच्या मागच्या ढिगात टाकली. तिथं आणखीही लाल फुल्यांच्या ट्यूबा पडल्या होत्या.

"कापून का टाकत नाहीस?"

"मालक कापू देत नाही. म्हणते, भंगारवाला अख्खी मागते."

धुकं विरलं. बाकीचे कामगार यायच्या आत मंजिरी परत निघाली, कारण ऑफिस उघडायचं होतं.

*

त्या दिवशी नदीवर अपेक्षेपेक्षा खूपच जास्त लोक आले. फोन न करताही आले, गाड्या भरभरून. गौतम पहिल्या टोळीला घेऊन खाली वाहत गेला होता. शेडजवळ रांग लागली, लोक चिडायला लागले. तेव्हा भैय्यालालनं मागच्या ढिगातल्या ट्यूबा ओढून काढल्या, पेट्रोलच्या फडक्यानं लाल फुल्या पुसल्या आणि पंप सुरू केला. कामगार पाहत होते, पण बोललं कुणीच नाही. लाइफ जॅकेटं तर केव्हाच संपली होती.

तिथं महानदी उथळच आहे, हिवाळ्यात गुडघाभर. पण वाळू उपसून उपसून मध्येमध्ये खोल खड्डे झाले होते. अशाच एका खड्ड्यावर अभिनवची ट्यूब व्हॉल्व्हजवळ फाटली. मित्रांना वाटलं तो मस्करीत हात हलवतो आहे. त्यांनीही हात हलवले.

गौतम पायी परत येत होता, काठाकाठानं. त्यानं आरडाओरडा ऐकला आणि उडी टाकली. पहिल्या बुडीत त्याच्या हाताला अभिनवचा हात लागला, आणि त्या हातानं त्याचं मनगट गच्च धरलं. मग पकड सुटली. गौतम पुन्हा बुडला, पुन्हा बुडला. वर काढलं तेव्हा फार उशीर झाला होता. तरी तो त्याच्या छातीवर दाब देत राहिला, लोकांनी त्याला ओढून बाजूला करेपर्यंत.

संध्याकाळी पोलिसांनी गौतमला नेलं. भैय्यालालचं म्हणणं सरळ होतं, की ट्यूबांचं काम याचंच, कोणती नदीत जाणार ते हाच ठरवतो.

मंजिरीनं दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो पाहिला. काठावर चपला, बघे, आणि मध्ये ती ट्यूब, गळून पडलेली. फोटो काळापांढरा आणि खरखरीत होता, तरी व्हॉल्व्हपासून हातभर अंतरावर तिला कोयरी दिसली.

ती न्हाणीघरात गेली, आतून कडी लावली आणि तोंडात ओढणी कोंबून खाली बसली. बाहेरून आई विचारत राहिली, "मंजू, काय झालं वं? बरं नाही का?"

*

रेल्वे कॉलनीतल्या घरी अंजनाबाई दारातच बसल्या होत्या, तांदूळ निवडायचं सूप पुढ्यात घेऊन. सुपात हात नव्हता. मंजिरीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं.

"ये बाई. तूच ना थे... फोनवाली?"

मंजिरी त्यांच्याजवळ खाली बसली. "काकू, त्याला भेटलात?"

"भेटली ना. पोट्टं खात नाही, झोपत नाही. वकिलाले म्हणे मी लाल खूण केली होती. पण खूण त्या ट्यूबीवर नाही. संगचे पोट्टे तोंड उघडून नाही राहिले, पोटाचा सवाल आहे त्यांच्या." त्या जरा थांबल्या. "मी इचारलं, तवा तुयासंगं कोणी होतं का? तर भिंतीकडे पाहते. मग म्हणते, कोणी नव्हतं. अन् मले बजावते, आई, तिच्याकडे जायचं नाही. तिचं नाव घ्यायचं नाही."

"त्यानं असं सांगितलं?"

"हव. त्यानं सांगितलं." अंजनाबाईंनी डोळे पुसले. "म्हणून मी तुयाकडे आली नाही. तू आली. आता मी तुले काही म्हणत नाही, बाई... पण मी आई हाओ."

रेल्वे कॉलनीतून घरी येईपर्यंत मंजिरीचं ठरलं होतं. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. त्या ट्यूबवर तिच्या हातचा पॅच होता. पोलिस म्हणाले असते, हिनंच बिघडवली. गोंदियाचे लोक पुढच्या आठवड्यात यायचे होते. आणि पहाटे एकटी, परक्या माणसाबरोबर नदीवर... ब्राह्मणपाऱ्यात ही बातमी पोचायला वर्तमानपत्र लागलं नसतं.

तिनं वडिलांना सगळं सांगितलं. कॉम्प्युटर क्लासपासून लाल फुलीपर्यंत. विनोदिनीबाई मधूनच ओरडल्या, "तू गप राह! तुयाशिवाय जग चालत नाही का? त्या पोट्ट्याचं पाहून घेतील त्याचे लोक!"

 रामकृष्णरावांनी विचारलं, "फुली तू डोळ्यानं पाहिली?"

"माझ्यासमोर मारली, बाबा."

"आणि प्रेमबिम आहे म्हणून बोलून राहिली, की पाहिलं म्हणून?"

"पाहिलं म्हणून," मंजिरी म्हणाली. मग खाली पाहत म्हणाली, "दुसरंही आहे. पण ते नसतं तरी गेले असते."

रामकृष्णराव उठले आणि खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली. "चल," ते म्हणाले. चेहरा दगडासारखा होता. ठाण्याच्या आत मात्र तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

तिथले पोलीस साहेब नागपूरकडचे होते, मराठी बोलत होते. तिनं कागदावर कोयरी काढून दाखवली, व्हॉल्व्हपासून किती अंतरावर तेही सांगितलं. त्यांनी जप्त केलेली ट्यूब आणवली. पोत्यातून ती बाहेर निघाली तेव्हा मंजिरीनं पुढं वाकून पाहिलं.  कोयरी तशीच होती, घट्ट चिकटलेली. फाटलं होतं ते बाजूनं, व्हॉल्व्हच्या बुडाशी. आणि जिथं फुली होती तिथं, खिडकीच्या उजेडात धरल्यावर, रबरावर पुसट गुलाबी डाग दिसत होता.

साहेबांनी त्या डागावरून बोट फिरवलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"ऑफिस तेलीबांध्याला. काम फोनचं. मग पहाटे नदीवर तू काहून गेली होतीस?"

खोलीत लिहिणारा शिपाई होता, दाराशी आणखी दोघं उभे होते. शेजारी बाबा होते. मंजिरीला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"त्याला भेटायला," ती म्हणाली.

"कामासाठी?"

"नाही. माझं त्याच्यावर प्रेम आहे, साहेब."

शिपायाचं पेन थांबलं. साहेबांनी त्याला खूण केली आणि ते पुन्हा चालू झालं. रामकृष्णराव जागचे हलले नाहीत. परत जाताना तलावाच्या कडेला त्यांनी स्कूटर थांबवली, उतरले, आणि पाठमोरे उभे राहून चष्मा पुसत राहिले. खूप वेळ पुसत राहिले.

*

एक बोलल्यावर दुसरा बोलतो. शेडवरच्या दोन कामगारांनी तोंड उघडलं, पेट्रोलचं फडकं सापडलं. भैय्यालालला अटक झाली आणि गौतमला जामीन मिळाला. खटला मात्र उभा राहिला, आणि गौतमचं नाव आरोपींतून साक्षीदारांत जायला पुढं बरेच महिने गेले.

गोंदियाहून स्थळ मोडल्याचा फोन आला, तोही शेजाऱ्यांकडे. विनोदिनीबाईंनी मुलीशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पण नजर द्यायच्या नाहीत. गल्लीतून मंजिरी जायला लागली की ओट्यांवरची कुजबूज थांबायची, आणि ती पुढं गेली की पुन्हा सुरू व्हायची.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो आलाच नाही. जामिनावर सुटून दोन आठवडे झाले. फोन नाही, निरोप नाही. शेवटी तीच गेली. बूढ़ापाऱ्यात दोस्ताच्या दुकानात तो ट्रकचं चाक खोलत होता. वाळला होता. तिला पाहून हातातली पहार खाली ठेवली, पण उठला नाही.

"तू काहून आली?"

"तू आला नाहीस म्हणून."

"म्या आईले बजावलं होतं, तुयं नाव घेऊ नको." त्याचा आवाज चढला. "तुयं लगीन मोडलं. तुयी माय तुयासंगं बोलत नाही. आख्ख्या पाऱ्यात तुयं नाव... कशाले केलं तू हे?"

"तू आत बसला असतास ते बरं झालं असतं?"

"बरं झालं असतं!" तो म्हणाला आणि मग त्याचा चेहरा कोसळला. "त्यानं मले धरलं होतं, मंजू. इथं." त्यानं मनगट पुढं केलं. तिथं काहीच खूण नव्हती. "डोळे मिटले का धरते तो. म्या ती ट्यूब कापली असती, चाकूचा एक हात मारला असता, तर मालक दोन शिव्या देता अन् पोट्टं घरी जातं. इतकीच गोष्ट होती."

मंजिरी त्याच्यासमोर जमिनीवर बसली, ग्रीसच्या डागांत. "त्यानं मला विचारलं होतं," ती हळूच म्हणाली, "दीदी, पोहता येत नाही, चालेल का. मी म्हणाले, चालेल."

गौतमनं मान वर केली. हे त्याला माहीत नव्हतं.

 मग गौतम म्हणाला, "मले त्याच्या आईकडे जायचं आहे. रोज निघतो, अन् तेलीबांध्यावरून वापस येतो."

"चल," मंजिरी म्हणाली. "आज वापस येऊ नको."

*

अभिनवच्या आईचं नाव कुसुम. दारात गौतमला पाहिलं आणि त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. वर्तमानपत्रात त्याचा फोटो त्यांनी पाहिला होता. आत घेतील असं वाटलं नव्हतं, पण घेतलं. पाणी दिलं नाही.

गौतमनं सगळं सांगितलं. खूण केली ते, आणि कापली नाही तेही. मंजिरीनं फोनबद्दल सांगितलं. कुसुमताई भिंतीशी टेकून ऐकत होत्या. त्यांचे हात मांडीवर पालथे पडले होते.

"मी माफ करीन असं वाटून आले असाल," त्या शेवटी म्हणाल्या, "तर मले नाही जमणार. उद्याचं माहीत नाही."

"नाही जी," गौतम म्हणाला. "त्याच्यासाठी नाही आलो."

"मग एक सांग. पाण्यात शेवटी तूच होता. तो... एकटा होता का रे?"

 मंजिरीला वाटलं, आता हा खोटं बोलेल, आणि बोलला तर चालेलही.

"एकटा नव्हता," तो म्हणाला. "त्यानं माया हात धरला होता, काकू. म्याच धरून ठेवू शकलो नाही."

कुसुमताईंनी डोळे मिटले. मग पुढं सरकून त्यांनी गौतमचा हात उचलला, उलटसुलट पाहिला, मनगट दोन्ही हातांत धरलं आणि त्यावर कपाळ टेकून रडायला लागल्या. इतके दिवस त्या घरात कुणी मोठ्यानं रडलं नसावं. आतल्या खोलीतून एक म्हातारा माणूस, अभिनवचे आजोबा असावेत, धावत दाराशी आला आणि तिथंच थांबला.

बाहेर पडली तेव्हा दुपार उतरली होती. तलावाच्या काठानं दोघं स्कूटी हातानं ढकलत चालली. भजीवाल्याच्या गाडीभोवती गर्दी होती. कुणी ओळखलं असावं, दोन-तीन माना वळल्या. मंजिरीनं ओढणी सारखी केली नाही की मानही खाली घातली नाही.

"शिपायानं सांगितलं मले," गौतम अचानक म्हणाला. "जामीन झाला त्या दिवशी. म्हणे, थे पोट्टी साहेबासमोर, बापासमोर बोलली."

"मग?"

"मग काय... रडलो. त्याच्यापुढं." तो चालायचा थांबला. "मंजू, मायाकडे आता काही नाही. नदी तर सुटलीच. रात्रीची झोप नाही. हसायचंबी विसरलो असं वाटते. असल्या माणसाचं तू काय करशीन?"

"मला तरी कुठं हसू येतं?" मंजिरी म्हणाली. "माझी आई ताट सरकवते ना, तेव्हा वाटतं पळून जावं. पण पळून कुठं जायचं ते ठरवलं नाही अजून. तू सांग."

गौतमनं पाण्याकडे पाहिलं, पुष्कळ दिवसांत पहिल्यांदा. मग तिच्याकडे वळला.

"पळायचं नाही. तुया बाबाले भेटायले येतो," तो म्हणाला. "हाकलतील. मग परत येईन."

"आणि काय सांगशील त्यांना?"

त्याचे ओठ हलले. भर गर्दीत, भजीवाल्याच्या गाडीजवळ, रस्त्यानं ट्रक जात असताना तो ते म्हणाला, इतक्या हळू की तिला पुढं वाकावं लागलं.

"मायंबी तुयावर..." आणि पुढच्या शब्दाशी तो थांबला.

मंजिरीनं वाट पाहिली. घाई केली नाही. ट्रक निघून गेला, धूळ खाली बसली, आणि मग त्यानं तो शब्द उच्चारला.